तळ्यातला जावई

होडी मधेच थांबली ती थांबलीच. इंजिन दोनदा खोकलं, एकदा शिंकलं आणि गप्प झालं.

"हलू नका हं," शेजारून आवाज आला. "जावयांनी धरलंय!"

होडीतली पोरगी गर्रकन वळली. "कुणाच्या जावयांनी?"

"आमच्या. सगळ्या तळ्याचे जावई ते!"

बाजूच्या होडीत एक दांडगा तरुण उभा. हातात कोयता, कमरेला पाना. तो काठावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पाना कधी सुटायचा नाही म्हणून लोकांनी नावच पाना पाडलं होतं. त्यानं वाकून तिच्या होडीच्या पंख्यातला हिरवा गुंता खसाखसा कापला आणि त्यातलं एक जांभळं फूल तिच्यापुढे धरलं.

"हे बघा जावईबुवा. आले तेव्हा असे नटूनथटून आले, सगळ्यांनी कौतुक केलं. मग बसले ते बसलेच. हातपाय पसरले, खाल्लं-प्यायलं, आणि जातो म्हणायचं नाव नाही!"

होडीतल्या बायका खिदळल्या. पोरगी मात्र हसली नाही. तिनं मान वर केली, आणि... तळं कुठं होतं? पार पल्याडपर्यंत नुसती जलपर्णी. वरून चालत जावं अशी.

"पण नकाशात हे तळं स्वच्छ आहे," ती पुटपुटली.

"कुठल्या गाढवाचा नकाशा?"

"माझा."

पाना कोयत्यासकट खाली बसला.

पोरगी आली होती पैलतीरावर ताईकडे, चार दिवस आराम करायला. तशी ती राजधानीतल्या मोठ्या कचेरीतली. बाहेरून येऊन पसरणाऱ्या झाडांची, माशांची, किड्यांची खबर देशभरातून गोळा करणारी यंत्रणा तिनं बांधली होती. त्या खबरींवरून बनलेल्या नकाशावर जिथं लाल ठिपका, तिथं सफाईचं मशीन जाणार, असा सरकारचा आराखडा. पुढच्या आठवड्यात त्यावर शिक्का बसणार, आणि मग पाच वर्षं त्यात कुणी बोट घालणार नाही.

"तुम्ही कळवलं का नाही?" दुसऱ्या दिवशी तिनं पान्याला गाठून विचारलं. ठिपके टिपायला ती त्याच्याच होडीत बसली होती. दुसऱ्या होड्याही होत्या म्हणा. पण बसली त्याच्याच.

"नाही कसं? सगळ्यांनी कळवलं. फोनवरनं लिहून. जावई फार माजलेत, उपटायला माणसं धाडा!"

तिचा हात फोनवरच थबकला. चेहरा उतरला.

"काय झालं?"

"लोक थट्टा म्हणून काहीबाही लिहायचे... म्हणून मी यंत्रणेला शिकवलं होतं. सासू, सून, जावई, फुकट्या असलं काही आलं, की समज थट्टा. टाक बाजूला."

पान्यानं तिच्याकडे पाहिलं. मग असा हसला, असा हसला, की होडी डुचमळली आणि तिनं घाबरून त्याचाच दंड धरला. धरला तो... जरा जास्तच वेळ धरला.

"मग उपटणार का आमचा जावई?" त्यानं विचारलं.

"उपटते की."

"आणि त्या जागी... दुसरा कुणी चालेल का, तुमच्या घरी?"

"काय म्हणालात?"

"कुठं काय? इंजिनचा आवाज झाला."

"इंजिन बंद आहे," ती म्हणाली, आणि पाण्याकडे बघत गालात हसली.

चार दिवसांचे आठ झाले. ताई म्हणाली, "अगं, जलपर्णी मोजतेस की माणूस?" हिनं फोनमध्ये मान घातली. कान मात्र लाल झाले.

निघायच्या दिवशी पाना धक्क्यावर आला. "सोपं आहे ना? आमचं तळं गुपचूप घाला नकाशात. कुणाला कळतंय?"

"आणि बाकीच्यांचं? आणखी कुठंकुठं लोक आपापल्या भाषेत ओरडत असतील. त्यांचंही मी फेकलंच असणार." तिनं बॅग खाली ठेवली. "पण सगळ्यांसमोर सांगायचं तर माझ्या तीन वर्षांच्या कामाची अब्रू जाईल हो."

पान्यानं ग्रीसचा हात शर्टाला पुसला आणि तिची बॅग उचलून दिली. एवढंच.

कचेरीतल्या लांबलचक टेबलाभोवती मोठी मोठी माणसं बसली होती. मोठे साहेब सही करायला पेन उघडतात तोच ही उभी राहिली.

"ही यंत्रणा मी बांधली. मला तिचा अभिमान आहे. म्हणूनच सांगते, ती बहिरी आहे."

"आत्ता सुचतंय हे?" साहेब कडाडले.

तिनं बाजूला टाकलेला सगळा माल भिंतीवरच्या पडद्यावर आणला. कुठल्याशा डोंगरातून आलं होतं, 'सवत जंगलभर पसरली.' नदीकाठून, 'फुकट्यानं आमचे सगळे मासे गिळले.' आणि जावई तर ढिगानं! टेबलाभोवती हशा पिकला. तिनं थट्टा वगळायची ती अट काढून टाकली. नकाशावर लाल ठिपके फुटायला लागले. एक, दहा, शंभर... हसणारे गप्प झाले.

साहेबांनी पेन मिटलं. "एवढे लोक बोंबलत होते?"

"हो. आपण हसत होतो."

"आराखडा महिनाभर थांबेल," साहेब म्हणाले. "आधी या यंत्रणेला माणसांचं बोलणं ऐकायला शिकवा. ते काम तुमचंच. आणि बाई... असं उभं राहायला छाती लागते."

महिन्यानं आराखड्यावर सही झाली. मग पोरीसोबत तळ्यावर मशीन आलं. त्यानं जलपर्णीचा पहिला पट्टा ओरबाडला, आणि खालून पाणी चमकलं. खरंखुरं, हलणारं पाणी! धक्क्यावर अख्खा काठ लोटला होता. शिट्ट्या काय, टाळ्या काय! ताईनं तर डोळ्याला पदर लावला.

पाना गर्दीतून वाट काढत आला. पोरीसमोर उभा राहिला आणि नेमकी वाचाच बसली. चार वेळा तोंड उघडलं, चार वेळा मिटलं. शेवटी गर्दीकडे वळला आणि छाती फुगवून ओरडला, "बघा रे! हिनं केलं हे! ही आमची आहे, आमची!"

लोकांनी जल्लोष केला. पोरीनं मात्र त्याची बाही ओढली.

"आमची काय, आमची?" ती हळूच म्हणाली. "माझी म्हणायला जीभ झडते का रे तुझी?"

पाना बघतच राहिला. 'तुझी' म्हणाली... तुमची नाही, तुझी!

"माझी," तो कसंबसं पुटपुटला.

"मगाशी एवढा ओरडत होतास. आता काय झालं?"

मग तो असा ओरडला, की मशीनवाल्यानं दचकून मशीनच बंद केलं.