तिसरा पुकारा

भुजंग डायव्हर त्या दिवशी टँकर घेऊन निघाला तो पाणी भरायला, आणि जमलं तर माफी मागायला. यातलं पहिलं काम त्याला येत होतं. दुसरं त्यानं जन्मात केलं नव्हतं.

लातूरचा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेबलोक नवे. जुना म्हणावा असा एकटा दुष्काळच. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा तो उस्मानाबादच्या वाट्याला द्यायचा राहून गेला, असं निलंग्याच्या स्टँडवर लोक चहाच्या कपाआड म्हणायचे आणि आपल्याच बोलण्यावर हसायचे. हसायला काय, पाणी लागत नाही.

निलंग्याबाहेर माळावर सरकारनं एक विहीर ताब्यात घेतली होती. तिथून सगळे टँकर भरायचे. विहिरीवर इंजिन, आणि इंजिनावर व्यंकटी. वाळलेल्या तुरीच्या काडीसारखा माणूस, पण विहिरीचा असा कैवारी, की जशी काय ती त्याची सासुरवाशीण लेक. पाणी खाली गेलं की इंजिन बंद करायचा आणि म्हणायचा, “थांबा. तिला दम घेऊ द्या.” मग कलेक्टर आला तरी हँडल मारायचा नाही.

भुजंग आणि व्यंकटी एका फडक्यातली भाकर खाल्लेली माणसं. पण ऊन माणसाचं डोकं नासवतं. पंधरवड्यामागं भुजंगचा टँकर नळीखाली लागला आणि व्यंकटीनं इंजिन बंद केलं. भुजंगच्या गावात आदल्या दिवसापासून पाणी नव्हतं. म्हातारी आई धुरपताबाई रिकामी घागर घेऊन वेशीत बसलेली तो बघून आला होता.

“चालू कर.”

“दम घेऊ दे म्हणलं ना तिला.”

“माणसं मरायलीत अन् तू विहिरीचे लाड करायलास?”

“मंग तुझ्या बापानं खंदली का ही?”

बाप काढला. आमच्याकडं बाप काढला की पुढचं सगळं ठरलेलंच असतं. भुजंगनं इंजिनाचं लोखंडी हँडल उचललं आणि व्यंकटीच्या खांद्यावर हाणलं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून लिंबाखालची त्याची पिण्याच्या पाण्याची घागर लाथेनं उडवली. मातीची घागर ती, खापऱ्या झाल्या. पाणी मातीत गेलं, बघता बघता डागसुद्धा राहिला नाही.

व्यंकटी खांदा धरून उठला. सगळे डायव्हर बघत होते. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “भुजंग्या, आजपास्नं तुझ्या हातचं पाणी मला हराम. मरायला टेकलो तरी घेणार न्हाई. या विहिरीची आण हाय.”

“नको घेऊ!” भुजंग हसला. “मरताना मीच येतो तोंडात वताया. बघू कसं घेत न्हाईस!”

सगळे हसले. अशा वेळी हसणारे लई भेटतात.

पण व्यंकटीनं तक्रार केली आणि हसणारेच साक्षीदार निघाले. लातूरच्या ऑफिसातून नोटीस आली. चौकशी लागली. तिथला बाबू म्हणाला, “लोखंडानं मारलंय, नोकरी जाणार. एकच वाट हाय. त्यानं साहेबासमोर म्हणलं पायजे, माझी तक्रार न्हाई.” भुजंगच्या घरात पाच तोंडं, आणि चूल त्या एका टँकरवर. म्हणून तो निघाला होता. सीटखाली पितळी तांब्या ठेवला होता. भांडण मिटलं की दोघांनी एका तांब्यातलं पाणी प्यायचं, ही आमच्याकडची रीत. त्यावर कोणी सही-शिक्का मागत नाही.

पोचला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. माळावर चिटपाखरू नव्हतं. रात्रीला माणसं उगाच भितात. दुष्काळातली भर दुपार बघावी. झाडाची सावलीसुद्धा बुंध्याला चिकटून उभी असते, बाहेर यायला भिते.

लांबूनच त्याला इंजिनाचा आवाज आला. टुक्... टुक्... टुक्. जवळ गेला तर नळीतून पाणी येत नव्हतं. नुसती गरम हवा फुसफुसत होती. विहीर तळाला लागलेली, आणि इंजिन कोरडंच चाललेलं. व्यंकटी असं कधी होऊ द्यायचा नाही.

व्यंकटी लिंबाच्या सावलीबाहेर उन्हात पडला होता. अंगाला घाम नाही. ओठ खापरासारखे तडकलेले. डिझेलचा आणि तापल्या मातीचा वास. डोळे तेवढे उघडे.

“व्यंकटी! आरं व्यंकटी...”

भुजंगनं त्याला ओढून सावलीत घेतलं. टँकरच्या तळाशी उरलेलं पाणी तांब्यात धरलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तांब्या ओठाला लावला.

व्यंकटीची नजर तांब्यावरून हातावर आली. हातावरून तोंडावर. त्यानं ओळखलं. आणि ओठ मिटून घेतले.

“आरं घे ना... आण गेली खड्ड्यात... चुकलं माझं. घे.”

व्यंकटीनं मान डावीकडं वळवली. हळूच. लेकरू नको असलेल्या घासावरून वळवतं तशी. भुजंगनं गालावरून हात फिरवला, हनुवटी धरली, रडला, शिव्या दिल्या. पाणी ओठाच्या कडेवरून गळ्यावर आणि गळ्यावरून मातीत गेलं. आत एक थेंब गेला नाही.

मग इंजिन बंद पडलं. आपणहून. माळावर इतकी शांतता झाली की भुजंगला स्वतःचं गिळणं ऐकू आलं. त्यानं मांडीकडं बघितलं. व्यंकटीची मान तशीच डावीकडं वळलेली होती. ती पुढं सरळ झालीच नाही.

संध्याकाळी व्यंकटीच्या दारात माणसं जमली. त्याची बायको साखराबाई रडून रडून बसली होती. भुजंगला बघून तिनं पदर सावरला आणि एकच विचारलं, “भाऊजी, त्येंच्या तोंडात पाणी पडलं का? का तसंच गेले?”

सगळ्या माणसांनी भुजंगकडं बघितलं. तोंडात पाणी न पडता गेलेला माणूस कुठं जात नाही, इथंच राहतो. हे तिथल्या दगडालाही माहीत होतं.

“पडलं, वयनी,” भुजंग म्हणाला. “मीच पाजलं. दोन घोट गेले.”

बाईनं हात जोडले. “मंग मिटलं तुमचं. माझी बी तक्रार न्हाई.”

खोटं बोलताना त्याला वाटलं, हे बाईच्या जिवासाठी. घरी जाताना वाटलं, नोकरी वाचली. दोन्ही खरं होतं. माणसाचं मन अडत्याच्या तराजूसारखं, कोणतं पारडं कधी खाली गेलं ते त्याचं त्यालाही कळत नाही.

चौकशीचा दिवस आला. लातूरचं ते ऑफिस भाड्याच्या जागेत, एका जुन्या अडतीच्या गोदामात होतं. पाटी सरकारी, पण भिंतींना हळदीचा आणि पोत्यांचा वास. दारावर वाळ्याचा पडदा टांगलेला, थंडाव्यासाठी. त्यावर मारायला पाणी नव्हतं, म्हणून तो वाळून नुसता करकरत होता.

साहेब घाटावरचे होते, बोलायचे पुस्तकासारखं. शिपाई महादेवप्पा उदगीरचा. कपाळावर भस्म, आणि आवाज घंटेसारखा. बापानं जन्मतारीख सोयीची लावल्यामुळं अजून रिटायर झाला नव्हता. आधी सारी नोकरी त्यानं कोर्टात पुकारे देण्यात घातली होती, आणि इथं आल्यावरही ती खोड गेली नव्हती. समोर चार माणसं बसलेली असली तरी तो दारात जाऊन बाहेरच्या रस्त्याला ओरडून सांगायचा.

बाकावर भुजंग बसला. साखराबाई दाराशी जमिनीवर टेकली. टंचाईचा नियम म्हणून महादेवप्पानं पाण्याचे अर्धे अर्धे ग्लास टेबलावर मांडले. कागदावर नावं दोन, म्हणून ग्लास दोन. मग पडदा सारून दारात उभा राहिला. कागदावरचं नाव त्यानं वाचलं. कागद व्यंकटी जिवंत असतानाचा होता.

“तक्रारदार व्यंकटी इंजीनवाले हाजिर हाय काऽऽ?”

साखराबाई दचकली. तोंडात पदर घातला.

“तक्रारदार व्यंकटी इंजीनवाले हाजिर हाय काऽऽ?”

“अहो, महादेवप्पा!” साहेब उठलेच. “तो इसम मयत आहे. आत या.”

“ठाव हाय की साहेब.”

“मग हाका कुणाला मारताय?”

“दोन पुकाऱ्यावर थांबलं तर काम कच्चं ऱ्हातंय, साहेब,” महादेवप्पा शांतपणे म्हणाला. “एकदा बोलावणं सुरू केलं की तीन पुरं करावं लागतंय. मंग त्यो येवो, न येवो.”

आणि साहेबांनी हात वर करायच्या आत त्यानं तिसरा दिला. आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा. भर दुपारच्या मोकळ्या रस्त्यावर तो लांबवर गेला.

पडदा करकरला. वारा नव्हता.

भुजंगला आधी वास आला. डिझेल. मग बाकाची फळी डाव्या बाजूला जराशी दबली, शेजारी कोणी बसावं तशी. त्यानं बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. कुठंतरी फार लांब, टुक्... टुक्... टुक्.

“नाव?” साहेब म्हणाले.

“भुजंग.”

“मयताला मारहाण केलीत, हे कबूल?”

“हाव, साहेब.”

“नंतर तुमच्यात समेट झाला. अखेरचं पाणी तुम्हीच पाजलंत, असं या बाईंचं म्हणणं आहे. खरं आहे?”

डाव्या कानाशी कोणीतरी कोरडा श्वास घेत होतं. खरं सांगावं तर नोकरी जाते, आणि ती बाई इथंच कोसळते. आता बोलायचा तो एकच शब्द होता.

“...खरं, साहेब. पाजलं.”

श्वास थांबला.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. “तक्रार राहिलेली नाही. समज देऊन प्रकरण निकाली. जा, टँकर सांभाळा.” मग त्यांची नजर तशाच राहिलेल्या दुसऱ्या ग्लासावर गेली. “आणि ते पाणी वाया घालवू नका. त्या बाईंना द्या. उन्हाच्या आल्या आहेत.”

ग्लास भुजंगच्याच हाताशी होता. सुटल्याच्या आनंदात त्याला कशाचं भान राहिलं नाही. तो उठला, साखराबाईसमोर वाकला. “घ्या, वयनी.”

बाई खरंच तहानेनं व्याकूळ होती. तिनं तो ग्लास भुजंगच्या हातून घेतला, तोंडाजवळ नेला. आणि तिचे ओठ मिटले.

तिनं नवलानं ग्लासाकडं बघितलं. पुन्हा नेला. पुन्हा ओठ मिटले. आणि तिची मान हळूच डावीकडं वळली. लेकरू नको असलेल्या घासावरून वळवतं तशी.

भुजंगनं ते एकदा बघितलं होतं. मांडीवर.

पाणी तिच्या हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. मान वळलेलीच. त्या तशा वळल्या मानेनं तिनं डोळे तेवढे फिरवले आणि त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ.

“भाऊजी,” ती अगदी हळू म्हणाली. “तुमी... पाजलं व्हतं न्हवं?”

साहेब खाली बघून शिक्का मारत होते. महादेवप्पानं मात्र जागा सोडली, बाईच्या हातातला ग्लास काढून घेतला, पाणी माठात ओतलं आणि आपल्या हातानं दुसरं भरून दिलं. ते ती घटाघटा प्याली. मग उठली आणि मागं न बघता गेली.

“तीन पुकारे दिल्यावर आलेल्याला,” महादेवप्पा पडदा नीट करत पुटपुटला, “जा म्हणायची रीत आमच्या कोर्टात नव्हती बाबा...”

नोकरी राहिली. टँकरही राहिला. पाऊस यायचा तेव्हा आला, विहिरी भरल्या. पण धुरपताबाई शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होती तेव्हा भुजंगनं उशाशी बसून तांब्या पुढं केला, आणि आईनं ओठ मिटून भिंतीकडं तोंड केलं. भिंत डावीकडं होती. सुनेनं पाजलं ते घेतलं. भावकी म्हणाली, म्हातारी लेकावर रुसली. भुजंगनं कोणाला काही सांगितलं नाही.

त्याच्या स्वतःच्या हातचंही त्याला जात नाही. ग्लास उचलला की मान वळते. म्हणून तो निलंग्याच्या स्टँडवर हॉटेलासमोर उकिडवा बसतो, ओंजळ पुढं करतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणतो, “जरा वता की पाणी, मालक.” लोक ओततात. पाण्याला नाही कोण म्हणतं?

तुम्ही कधी तिथं गेलात तर तुम्हीही ओता. फक्त एक करा, तांब्या मोठा घ्या. लहान तांब्या पुरत नाही. ओंजळ एकच असते, पिणारं तोंड एकच दिसतं, खाली मातीत थेंब सांडत नाही. पण पाणी लागतं ते दोघांचं. आणि भुजंगचं पिऊन झालं, त्यानं ओंजळीवरून तोंड उचललं, तरी “बास” म्हणेपर्यंत ओतणं थांबवू नका. तो लगेच म्हणत नाही. आधी डावीकडं बघतो.