करवतीचं दुसरं टोक

दाखव बरं तो चाकू, छगन. छान आहे. चकाकतोयही चांगला. पेरू कापायला झकास. पण उद्या तोरणमाळला जाताना याच्या भरवशावर जाऊ नका रे बाबांनो. घाटात झाड आडवं पडलं तर याने काय त्याची दाढी करणार आहात?

तंबू घेतलात, स्टोव्ह घेतलात, गाणी ऐकायला टेप घेतलात. आणि आता निघायच्या आदल्या रात्री मला विचारताय, "नाना, कुऱ्हाड घ्यायची का करवत?" बसा मग सगळे. तो दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. आणि मधूनमधून हुंकार देत जा. मला झोप लागली तर गोष्ट अर्धीच राहील.

ही माझ्यावर बेतलेली गोष्ट नाही. आपल्या एरंडोलच्या इसाक ड्रायव्हरची आहे. इसाक तेव्हा चोपड्याच्या वर, सातपुड्यात, सर्व्हेच्या कॅम्पवर जीप चालवायचा. डोंगरात तलाव कुठे बांधता येईल ते बघायला साहेबलोक तंबू ठोकून राहिले होते. इसाकचं काम म्हणजे खालून पाणी, धान्य, रॉकेल वर न्यायचं. दिवसभर दगडधोंड्यांतून गाडी हाकायची आणि रात्री पडल्या जागी झोपायचं. चार महिन्यांत तो माणूस पार पिचून गेला होता. मला म्हणाला होता, "नाना, तेव्हा मला भूत दिसलं असतं तरी मी त्याला म्हटलं असतं, बाबा, सकाळी ये."

सीटखाली त्याची तीन हत्यारं असायची. कुऱ्हाड, कोयता आणि करवत. करवत म्हणजे सुताराची नव्हे. ही हातभर नव्हे, चांगली माणसाच्या उंचीची, दोन्ही टोकांना लाकडी मुठी असलेली. दोघांनी ओढायची. एक मूठ इसाककडे आणि दुसरी भटूकडे. वाटेत काही आडवं आलं की हे दोघे उतरायचे. भटूही एरंडोलकडचाच. कॅम्पवर झेंडी धरून उभा राहायचं त्याचं काम. हलकाफुलका माणूस, बोलायला गोड. त्यानेच इसाकला करवत शिकवली. आपण फक्त ओढायचं, ढकलायचं कधीच नाही. आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा, मग समोरचा ओढतो. ढकललंस तर पातं वाकलं म्हणून समज.

सत्याऐंशी सालचा वैशाख. अमावस्येची आदली रात्र.

त्या दिवशी साहेब जळगावला गेले होते आणि मजूर बाजाराला उतरले होते. वर उरले दोघेच, स्वयंपाकी वना आणि भटू. दुपारी मोठा वारा सुटला. एक तंबू झोपला. तो उभा करायला नवे खुंट हवेत म्हणून भटू, इसाकने सकाळी सरपणासाठी वर ठेवलेली कुऱ्हाड घेऊन बसला. झेंडी धरणाऱ्या हाताला कुऱ्हाडीची काय सवय? घाव निसटला आणि नडगीत बसला.

इसाक पाणी घेऊन वर पोचला तेव्हा दिवस मावळत होता. वनाने धोतर फाडून पाय करकचून बांधला होता, पण धोतर लाल झालं होतं. इसाकने पाण्याची पिंपं तशीच खाली ढकलली. भटूला मागच्या सीटवर आडवं केलं. चोपड्याचा दवाखाना गाठायचा, एवढंच डोक्यात. भटूची बायको तानुबाई घरी वाट बघत होती, पदरात दोन लेकरं. रात्रीतून पोचलो तर वाचेल, नाहीतर नाही. हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

इसाकने कुऱ्हाड उचलली आणि सीटखाली सारायला गेला. वनाने त्याचा हात धरला.

"ज्या कुऱ्हाडनी माणूसनं रगत चाखं, ती त्याच माणूससंगे गाडीमा जात नई. आठेच राहू दे तिले."

त्या भागात हे पाळतात. इसाक एरवी हसला असता. चार गोष्टी ऐकवल्या असत्या वनाला. पण सकाळपासून स्टिअरिंगशी झोंबून वाद घालायला त्याच्यात जीव उरला नव्हता. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. चूक झाली ती तिथे.

वना दुर्बिणीच्या पेट्या राखायला थांबला. इसाक एकटा निघाला.

वाटेत तो भटूला बोलतं ठेवत होता. "भटूभो, झोपू नको. गोष्ट सांगस तुले. हुंकार देत ऱ्हाय." आणि काहीबाही सांगत सुटला, बकरीची, मामाची, जे तोंडाला येईल ते. मागून हुंकार यायचा. "हूं." गाडी आदळली की थोडा कण्हायचा. पुन्हा "हूं."

मधला नाला ओलांडला. चढ संपला. वळण घेतलं आणि इसाकने ब्रेक दाबला.

सालईचं झाड आडवं पडलं होतं. दुपारच्या वाऱ्याने मुळं ढिली झालेली, गाडी वर गेल्यावर मुळासकट कोसळलेलं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. गाडी फिरवायलाही जागा नाही.

इसाक स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. रडूच कोसळलं त्याला. मग उतरला. बॅटरी कमजोर, म्हणून गाडीचे दिवे बंद केले. कंदील लावून खोडाच्या अलीकडे जमिनीवर ठेवला. कोयत्याने फांद्या छाटल्या. खोडाला कोयता काय करणार? ते कमरेएवढं जाड. सालईचं लाकूड मऊ, कुऱ्हाड असती तर घामाघूम होऊन का होईना, एकट्याने तोडलं असतं.

कुऱ्हाड वर कॅम्पवर पडली होती.

उरली करवत. त्याने ती खोडावर टाकली. एक मूठ हातात घेतली. दुसरी मूठ पलीकडे, अंधारात. ओढली... आली. पण परत कशी न्यायची? ढकलली तर पातं वाकलं आणि अडकलं. उपसून काढलं. पुन्हा ओढली. पुन्हा अडकली. तळहात सोलवटले. बोटभरही खाच पडेना.

"भटू, जागा शे ना?"

"हूं."

पुन्हा ओढली. पुन्हा अडकली.

"भटू!"

उत्तर नाही.

इसाक गाडीपर्यंत गेला नाही. का गेला नाही, ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मला म्हणाला, "नाना, गेलो असतो तर कळलं असतं ना." बस. हातात मूठ धरून तो तसाच उभा राहिला. वारा नव्हता. रातकिडेसुद्धा गप्प झाले होते.

त्याने ओढली. पुरती आली. सवयीने हात सैल सोडला...

आणि करवत गेली.

आपोआप नाही. कुणीतरी ओढल्यावर जाते तशी. सरळ. एका दमात.

मग ती थांबली. त्याची वाट बघत.

इसाकने ओढली. सोडली.

गेली.

"कोन शे भो? पाडावरना शेस का?"

कंदिलाचा उजेड खोडावर येऊन अडत होता. पलीकडे नुसता काळोख. त्याने कंदील उचलून बघायला हवं होतं. हात धजावला नाही. आणि खरं सांगायचं, तर अंगातही बळ नव्हतं. दिवसभराचा शिणलेला माणूस. कुणीतरी दुसरं टोक धरलं होतं, एवढंच त्याला पुरेसं होतं.

खाच खोल गेली. भुसा पडू लागला. सालईच्या चिकाचा तो वास, देवळात धूप घालतात ना, तसा. ओढ. सैल. ओढ. सैल. पलीकडून एकदाही ढकललं गेलं नाही. एकदाही घाई नाही.

इसाकला धीर आला. नाहीतर भीतीने तो बोलू लागला असेल. मान खाली घालूनच त्याने हाक दिली.

"भटूभो... झालंच आता. जागा शे ना तू?"

"हूं."

ओढता ओढता इसाकचा हात थांबला.

हुंकार आला होता. पण गाडी त्याच्या पाठीमागे होती...

आणि हुंकार समोरून आला होता.

...

करवत हलली. जरा. चल म्हटल्यासारखी.

इसाकने डोळे मिटून घेतले आणि ओढत राहिला.

कड् कड् करून खोड तुटलं. दरीकडचा तुकडा घरंगळला आणि खाली गेला. बराच वेळ आवाज येत राहिला. करवत रस्त्यावर पडली होती. पलीकडे कुणी नव्हतं.

इसाकने तिला हात लावला नाही. गाडीत बसला, चालू केली. मागे वळून पाहिलं नाही. चोपड्यापर्यंत त्याने गोष्ट सांगितली नाही आणि हुंकारही मागितला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी भटूचा हात धरला, डोळ्यांत बॅटरी मारली. मग इसाकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाटातच गेला असणार हा. अंग कधीचंच गार पडलंय."

कागदपत्रं झाल्यावर त्याच जीपने इसाकने भटूला घरी नेलं. अंगणात उतरवलं. बाया जमल्या. इसाक भिंतीला टेकून उभा होता, उभ्या उभ्या डोळे मिटत होते. तानुबाई रडली नाही. नवऱ्याच्या डोक्याशी बसली, त्याचा हात मांडीवर घेतला. मूठ घट्ट आवळलेली होती. तिने एकेक बोट सोडवलं.

मुठीतून भुसा सांडला. ओला, चिकट. अंगणभर सालईचा वास पसरला.

तिने मान वर करून इसाककडे पाहिलं. आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं.

"ईसाकभाऊ, असा पाय कापायेल माणूसले बी करवत वढाले लावं का तुमी?"

 काय सांगणार होता?

तानुबाईने पदराने तो तळहात पुसला. मग दुसरा हात मांडीवर घेतला. तीही मूठ आवळलेली होती. तिने ती उघडली.

तिच्यातही भुसा होता.