आत्याचा श्वास

जयूनं मला तेल आणायला पाठवलं होतं. शोकसभेच्या समईत घालायला तिळाचं तेल, वाती आणि काडेपेटी. नानाखेड्याच्या बसस्टँडजवळ एका दुकानात हे सगळं मिळालं. दुकानावर विदेशी कोलाच्या जाहिरातीची नवीकोरी लाल पाटी होती. मी पिशवी घेऊन ऑटोत बसलो. धास्ती होती ती एकाच गोष्टीची. संध्याकाळी मला बोलायचं होतं.

सभा माझ्या शैलाआत्यासाठी होती. आमच्या उज्जैनमध्ये मुलींना नाटक आणि बोलणं शिकवणारी ती पहिली बाई. घरोघरी बापांशी भांडून तिनं मुली रंगमंचावर आणल्या. पुढे वकील शिकायला आले, मास्तर आले. रामघाटावरच्या एका पंड्यानं तर जावयाला पाठवलं, कारण संकल्प सांगता सांगता त्याचा घसा बसायचा. आत्या त्याला म्हणाली, "अहो, देवाला ऐकू जातंच. यजमानाला जायला हवं!"

आईमागे मला तिनंच वाढवलं. मी अडखळत बोलायचो. 'श्रीकांत' हे स्वतःचं नावही तोंडातून निघत नसे. आत्यानं त्यावर तिची रीत काढली. ती माझ्यामागे, विंगेत, लाकडी स्टुलावर बसायची आणि माझ्या वाक्याआधी नाकानं लांब, ऐकू येईल असा श्वास घ्यायची.

"माझ्या श्वासावर चढ, श्री."

मी चढायचो. वाक्य संपेपर्यंत ती श्वास धरून ठेवायची, मग सोडायची. "अर्धं नको सोडू हां," ती हसून दटावायची, "माझा श्वास तिथंच अडकून राहील."

त्या श्वासावर मी मोठा झालो, व्याख्यानं दिली, पुस्तकं लिहिली. आणि त्या चैत्रात आत्या गेली. रामघाटावर तिच्या विधीला गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं, तेव्हा माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. शेवटी नाव जयूनं सांगितलं. जयू आत्याची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी.

आत्या शिकवायची त्याच हॉलवर पोहोचलो तर लाइट गुल. भर दुपारी आत काळोख होता. बंद पडद्यांचा, खोबरेल तेलाचा आणि मेकअपच्या रंगांचा वास तसाच होता. विंगेत तिचं स्टूल होतं. मी समई लावली आणि सराव करायला उभा राहिलो.

"आज आपण श... श..."

पुढे काही नाही. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला आणि विरला. मग मागून, विंगेतून, कुणीतरी श्वास घेतला. लांब. नाकानं.

मान वळवायचं धाडस झालं नाही. पण जीभ सुटली. "आज आपण शैलाताईंना आठवायला जमलो आहोत." वाक्य स्वच्छ उमटलं, आणि मागे तो श्वास हळूच सुटला. माझ्या मानेवरचे केस हलले.

"भैया, कुणाशी बोलताय?" जयू दारात उभी होती.

"क... कुणाशी नाही. विंगेत कोण आहे?"

"विंगेत? मागच्या दाराला ताला आहे. चाबी माझ्या पर्समध्ये." ती पुढे आली, थबकली. "श्वास कुणी घेतला आत्ता...?"

आम्ही दोघांनीही स्टुलाकडे पाहिलं नाही. जयूनं पदरानं डोळे पुसले. "ताईच त्या. क्लास सुटल्याशिवाय उठतात का कधी!"

सभेला हॉल भरला. प्रत्येक वाक्याआधी तो श्वास आला आणि मी त्यावर चढत गेलो. पंड्याच्या जावयाची गोष्ट सांगितली, लोक हसले. शेवटचं एकच वाक्य उरलं, शोकसभेत म्हणावंच लागतं ते. मागे श्वास घेतला गेला, आजवरचा सर्वांत लांब.

"माझी आत्या आता..."

आणि मला कळलं. हे पुरं केलं की ती श्वास सोडेल. मग पुढचा घ्यायला काही कारण उरणार नाही.

समोरून जयू ओठांनी सांगत होती, बोला ना. मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटला. समईची ज्योत मात्र विंगेकडे वाकली होती, कुणी तिला आत ओढावं तशी. पंखे बंद होते, पडदे स्थिर. जयूनं दोन्ही हातांचा आडोसा केला. ज्योत वाकलेलीच राहिली.

स्टूल मी इंदूरला घरी आणलं. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो, आणि ज्योत स्टुलाकडे वाकते. जयूचा फोन आला की ती तेच म्हणते, "भैया, पूरा करा ना वो वाक्य. किती दिवस धरून बसतील बिचाऱ्या...?"

मी हो म्हणतो. बोलणं आता कुठंही अडत नाही, एवढं एक वाक्य सोडून. इथंही मी ते लिहिलेलं नाही.

आज लिहायला बसण्याआधी दिवा लावला. स्टूल नेहमीच्या जागी, माझ्या डाव्या हाताला आहे. ज्योत तिकडे वाकलेली नाही. ती सरळ माझ्याकडे वळली आहे, माझ्या पाठीमागून कुणी ओढावं तशी, आणि तो धरलेला श्वास माझ्या मानेवर अजून सुटलेला नाही.