आत आठ, बाहेर सात

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. पंचशीला माझी मावसबहीण, नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिनं हे मला एकदाच सांगितलं, तेही दिवसाउजेडी, चार माणसांत बसून.

साल २०१६, मे महिना. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तोच उन्हाळा. जागा शिरूर अनंतपाळच्या पुढं, एका आटलेल्या तलावाचं पात्र.

रात्र नव्हती. दुपारचे साडेबारा. लख्ख ऊन.

म्हणूनच तिला जास्त भीती वाटते.

तिच्या पोरांनी वर्षभर खपून रेसची गाडी बांधली होती. चारही चाकं उघडी, मडगार्ड नाही. ड्रायव्हर जवळजवळ आडवाच, जमिनीपासून चार बोटं वर. त्याला दिसतात ते आपल्याच चाकांचे माथे आणि त्यापलीकडचं लांबचं. गुडघ्याएवढं काही जवळ आलं, तर दिसतच नाही.

हे पंचशीलाच वर्गात शिकवायची.

घरी सासूबाई टँकरच्या रांगेत. म्हणून अडीच वर्षांची लेक मितू सोबत आणलेली. ताडपत्रीच्या सावलीत ती बाटल्यांची झाकणं मांडत बसली होती.

वाळून कडक झालेल्या गाळावर प्लास्टिकचे कोन मांडून गोल ट्रॅक आखला. सुरुवातीच्या रेषेवर दोन खांब, त्यांच्यामध्ये न दिसणारा किरण. मधून काहीही गेलं की पीप वाजतं आणि आकडा एकानं वाढतो.

या खेळात एक नेम असतो. गाडी सोडण्याआधी सगळ्यांनी ट्रॅक पायी चालून बघायचा. दगड, भेग, खड्डा. आणि आत गेलेले सगळे बाहेर आल्याशिवाय हिरवा झेंडा नाही.

सात पोरं रेषेवरून आत गेली.

पीप… पीप… पीप…

पंचशीलानं आकडा बघितला. आठ.

“बसवंत, हे काय रे?”

झेंडे घेऊन शेजारी उभा असलेला बसवंत हसला. “मशीनला ऊन लागून राहिलं, मॅडम. तिलाबी टँकरचं पाणी पाजा जरा.”

शेळ्या राखणारे म्हातारे अमृतराव मात्र हसले नाहीत.

“बाई, हितं गाव होतं. लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या मागनं हा तलाव आला. समदे उठले. एक बाई न्हाई उठली.”

“का बरं?”

“लेकरू हुडकत ऱ्हायली. पाणी चढलं तरी.”

एवढंच बोलून त्यांनी शेळ्या हाकलल्या. उलट्या दिशेनं.

पोरं फेरी मारून रेषेजवळ आली. पंचशीलानं आकडा शून्यावर आणला, बाहेर येताना पुन्हा मोजलं.

सात.

आत आठ. बाहेर सात.

नेमानं थांबायला हवं होतं. पण समोर सातच पोरं, ट्रॅक मोकळा, भाड्याची जीप तीनला परत न्यायची. तिनं मान हलवली. बसवंतनं हिरवा झेंडा सोडला.

गाडीत पोरांतलाच नरसिंग होता. पहिली फेरी सावकाश. टायर गार असला की वळणावर पकड धरत नाही, आधी तापवावा लागतो. दुसऱ्या फेरीला त्यानं वेग धरला.

तिसऱ्या फेरीला पंचशीलानं सहज मागं पाहिलं.

झाकणं होती. ओळीनं मांडलेली.

मितू नव्हती…

पलीकडच्या वळणावर एक पिवळा ठिपका दिसला. मितूचा फ्रॉक. ती ट्रॅकच्या मधोमध चालत होती. एक हात वर धरून… कुणाचं तरी बोट धरावं तसा.

“बसवंत, लाल झेंडा! लाल!”

पण नरसिंग पुढं निघून गेलेला. पंचशीला मैदान आडवं कापत पळत सुटली. चप्पल कुठं गेली, कळलं नाही.

गाडी वळणात शिरली.

चाकं फरफटली. गाडी गर्रकन फिरली. धूळच धूळ.

धूळ बसली तेव्हा मितू गाडीपासून दोन हात अंतरावर उभी होती. रडत नव्हती.

नरसिंगनं हेल्मेट काढलं. तोंड पांढरंफटक.

“दिसली तुला? दिसली ना माझी मितू?” पंचशीला ओरडली.

“न्हाई मॅडम. लेकरू दिसलंच न्हाई. ती बाई दिसली म्हणून ब्रेक दाबला. मधी उभी होती की… ओल्या लुगड्यानं.”

कोसभर पाण्याचा थेंब नव्हता.

पंचशीलानं मितूला उचललं. वर धरलेला तिचा तळहात हातात घेतला.

ओला होता. गार.

मागून धावत आलेली पोरं गाडी तिथंच टाकून मैदानातून आडवी पळाली. पंचशीला अनवाणी होती. ती आखलेल्या वाटेनंच आली, मितूला छातीशी घट्ट धरून. रेष ओलांडली.

पीप.

ती थबकली. मागं वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

मितू मात्र तिच्या खांद्यावरून बघत हसली.

…पीप.

मितू आता शाळेत जाते. रस्त्यानं चालताना तिचा एक हात आईच्या हातात असतो. दुसरा ती अजून वर धरते. पंचशीला त्या बाजूला बघत नाही.

मला ती एकच विचारते. “त्या बाईनं माझं लेकरू वाचवलं… का तिला तिचं सापडलं?”