पलीकडच्या काठावरचा आकडा

हा प्रसंग खरा आहे.

मी तंत्रविद्यालयातून शिकलो आणि अडतीस वर्षे मोजमापाची यंत्रे तपासली. जे तपासले नाही ते लिहायचे नाही, ही माझी सवय. म्हणून यातले जे मी स्वतः पडताळले आणि जे केवळ ऐकले, ते वेगवेगळे सांगेन.

ती रात्र नव्हती. सोमवार होता, दुपारचे तीन वाजले होते. स्वच्छ ऊन होते.

घडले ते माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत.

नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे दोन काठांवर समोरासमोर दोन पत्र्याच्या खोल्या आहेत. अलीकडे केंद्र तीन, पलीकडे केंद्र चार. प्रत्येक खोलीसमोर पाण्यात एक मोजपट्टी रोवलेली. मध्ये जेमतेम साठ मीटर पाणी. रोज दुपारी तीन वाजता दोन्ही पट्ट्यांवरची पाण्याची पातळी वाचायची, आणि दर बुधवारी ओहोटीला हातजाळे ओढून माशांची पिल्ले ताटात घेऊन मोजायची. भाऊ तीनवर होता. चारवर होता त्याचा जोडीदार. त्याची नजर अशी, की सगळे कार्यालय त्याला 'दुर्बीण' म्हणे.

दोघांच्या कामाची एक पद्धत होती. एकाने आपला आकडा मोठ्याने ओरडायचा. समोरच्याने तो परत सांगायचा. परत सांगितल्याशिवाय पेन्सिल कागदाला लावायची नाही. न परतलेला आकडा हा आकडाच नव्हे, असे दोघेही मानत.

अकरा वर्षे दोघे असे एकमेकांवर ओरडत होते.

आणि अकरा वर्षे भाऊ आतल्या आत जळत होता.

कारण साधे होते. भावाच्या जाळ्यात दहा-बारा पिल्ले निघत. दुर्बिणीच्या वहीत सत्तर, ऐंशी, कधी शंभर. पाहुणे आले की चारवर जात. वरिष्ठ पाठ थोपटत ती चारची. एकदा दुर्बिणीने पाण्यापलीकडून हसत विचारले होते, "तुझं ताट कसलं रे आहे? ये की इकडे, गंमत दाखवतो." भाऊ गेला नाही. त्याच्याकडून शिकायला जाणे म्हणजे त्याच्यापुढे मान खाली घालणे, असे त्याला वाटले.

पुढे कार्यालयाने सगळ्या जुन्या नोंदी संकेतस्थळावर टाकायला घेतल्या. नदी, खाडी, माशांच्या जागा, सारी माहिती कुणीही घरबसल्या पाहावी, उतरवून घ्यावी. प्रत्येक केंद्रापुढे ती किती वेळा उतरवली गेली, तेही दिसे.

केंद्र चार, एक हजार नऊशे बारा.

केंद्र तीन, एकेचाळीस.

"त्या एकेचाळिसातले सहा तर तुमचेच," माझी भावजय म्हणाली. तिने सहज म्हटले. भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

त्याच हिवाळ्यात दुर्बीण छातीच्या आजाराने रुग्णालयात गेला. भाऊ भेटायला गेला, संत्री घेऊन गेला, आणि पाच मिनिटांत उठला. आठवड्याने दुर्बीण वारला. तेव्हा भावाला रडू आले, हे मी पाहिले आहे. पण महिन्याभराने त्याने संकेतस्थळ उघडले. चारचा आकडा दोन हजारांच्या पुढे गेला होता.

माणूस गेला होता, तरी त्याची मागणी वाढतच होती.

भावजय म्हणाली, "अहो, ते गेले. आता तरी तुमचं भांडण संपू दे."

ते संपले नाही. चार नंबरचे काम आता भावाकडेच आले होते. दर बुधवारी पूल ओलांडून तो पलीकडे जाई आणि आपल्या पांढऱ्या एनॅमलच्या ताटात पिल्ले मोजी. तिथेही निघत नऊ, अकरा, तेरा. मग दुर्बिणीला ऐंशी कुठून दिसत होती? भावाला आयते कारण मिळाले.

नोंदींना दर्जा असतो. एक म्हणजे तपासलेली, दोन म्हणजे अंदाजी, तीन म्हणजे संशयास्पद. दर्जा तीनची नोंद साध्या शोधात दिसत नाही. ती मुद्दाम मागावी लागते, आणि तशी ती मागता येते हे फार थोड्यांना ठाऊक असते.

भावाने एका दुपारी चहा पिता पिता दुर्बिणीच्या अकरा वर्षांच्या पिल्लांच्या सगळ्या नोंदी दर्जा तीन केल्या.

कुणी विचारले नाही. चारचा आकडा जागच्या जागी थांबला. भाऊ त्या रात्री गाढ झोपला.

आता तो सोमवार.

सकाळी कार्यालयात फोन आला. पलीकडच्या काठावरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई होत्या. केंद्र चारसमोरचा उथळ पट्टा यंत्राने उपसून तिथे बोटींसाठी खोल वाट करायचे घाटत होते. शुक्रवारी जाहीर सुनावणी होती. त्या पट्ट्यात पिल्ले वाढतात हे बाईंना ठाऊक होते, पण सुनावणीत आकडे लागतात. त्यांनी चार दिवस संकेतस्थळ धुंडाळले होते.

"तिथं चारपुढे पिल्लांच्या रकान्यात अलीकडचे नऊ-अकरा सोडले तर काहीच नाही हो," त्या म्हणाल्या. "मागे मी स्वतः पाहिलं होतं. कुठं गेलं सगळं?"

दर्जा परत बदलायला एक मिनिट पुरले असते. पण का बदलला होता, ते सांगावे लागले असते.

"जे दिसतंय तेवढंच आहे, बाई," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपारी तीन वाजता तो आपल्या मोजपट्टीपुढे उभा राहिला. परत सांगणारे कुणी उरले नव्हते, तरी ओरडायची सवय गेली नव्हती.

"एक मीटर बेचाळीस..."

त्याने पेन्सिल टेकवली.

आणि पलीकडून आवाज आला...

"एक मीटर एकोणचाळीस."

भावाने मान वर केली. पलीकडे कुणी नव्हते. चारच्या खोलीला कुलूप होते. ऊन होते. पाण्यावर एक पक्षीही नव्हता.

त्याने वाकून पट्टी पुसली. शेवाळाची एक रेघ बोटाला लागून आली. पाणी नीट पाहिले.

एक मीटर एकोणचाळीस.

तो मला म्हणाला, "दादा, खोटं कशाला सांगू? आधी भीती नाही वाटली. आधी रागच आला. मेल्यावरसुद्धा माझी चूक काढतो."

मंगळवारीही तेच झाले. भावाने तीनदा पाहून, चष्मा पुसून आकडा ओरडला. क्षणभर शांतता. मग तोच आकडा पलीकडून परत आला. तसाच, सावकाश, शेवटचा शब्द किंचित लांबवून. दुर्बीण तसाच बोले.

या वेळी चूक नव्हती. आणि भावाला बरे वाटले. शाबासकी मिळाल्यासारखे.

त्या बरे वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

बुधवारी ओहोटी साडेतीनला होती. भाऊ पूल ओलांडून चारवर गेला. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. कुलूप उघडले.

टेबलावर त्याचे पांढरे ताट होते. मागच्या बुधवारी धुऊन पालथे घातलेले.

ते उताणे होते.

आणि आत... ओल्या काळ्या कापडाची घडी होती.

जुन्या छत्रीचे कापड. कडेला उसवलेली शिवण. भावाने ते पूर्वी कधी जवळून पाहिले नव्हते. पाण्यापलीकडून, दुर्बिणीच्या खांद्यावर, अकरा वर्षे पाहिले होते. हात पुसायला असेल, असे त्याला वाटे.

त्याने ते उचलले नाही. बाहेर जाऊन जाळे ओढले, पाण्यासकट बादलीत रिकामे केले आणि आत आला. कापड आता घडी केलेले नव्हते. ताटाच्या तळाशी पसरले होते, चारही कडा नीट दाबून.

भावाने बादली ताटात ओतली.

पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. अंग दिसत नाही. दिसतात ते डोळ्यांचे दोन ठिपके, टाचणीच्या टोकाहून बारीक. भावाच्या ताटाचे टवके उडून पांढऱ्यावर जागोजाग काळे ठिपके पडले होते. त्या ठिपक्यांत हे ठिपके तो अकरा वर्षे हरवत आला होता.

काळ्या कापडावर एकेक पिल्लू चंदेरी दोऱ्यासारखे लखलखत होते.

तो मोजू लागला. दहा. वीस. चाळीस. मागे, दाराशी, कुणीतरी ओल्या चपलांनी उभे होते. पाणी ठिबकत होते. टप... टप... भावाने वळून पाहिले नाही.

शेवटचे पिल्लू मोजून झाले, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच मागून आवाज आला.

"चौऱ्याऐंशी."

पद्धत पद्धत असते.

"चौऱ्याऐंशी," भावाने परत सांगितले.

ठिबकणे थांबले.

पिल्ले पाण्यात सोडून तो बाहेरच बसला. मग त्याने दुर्बिणीच्या बायकोला फोन लावला. त्यांच्या सामानात एखादे काळे कापड होते का, असे विचारले.

"आहे ना. छत्रीचं. कपाटात वर ठेवलंय," ती म्हणाली. "तुम्हाला हवंय का, भाऊजी? थांबा, काढते."

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

"भाऊजी... ओलं आहे हो हे. खारट वास येतोय."

भाऊ धावत खोलीत गेला. ताट पांढरे होते. रिकामे आणि कोरडे.

त्याच संध्याकाळी त्याने दुर्बिणीच्या सगळ्या नोंदी दर्जा एकवर आणल्या. मग साहेबांसमोर उभा राहिला आणि आपण काय केले होते ते सांगितले. कापडाचे मात्र त्याने एवढेच सांगितले, की मोजायची खरी रीत आपल्याला आज कळली.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी विचारले, "मग तुमच्या नोंदींचं काय? त्याही पांढऱ्या ताटातल्याच ना?"

हा प्रश्न भावाच्या ध्यानात आला नव्हता. पण उत्तर एकच होते. ज्या खुर्चीत चहा पिता पिता दुर्बिणीच्या नोंदी बदलल्या होत्या, त्याच खुर्चीत बसून, स्वतःच्या हाताने, त्याने केंद्र तीनच्या अकरा वर्षांच्या पिल्लांच्या नोंदी दर्जा तीन केल्या. त्याची सगळी बुधवारची मोजणी साध्या शोधातून नाहीशी झाली. त्याची बढतीही गेली, पण तिचे दुःख त्याला त्यामानाने कमी झाले.

शुक्रवारच्या सुनावणीत विज्ञानाच्या बाईंनी दुर्बिणीचे आकडे वाचले. पट्टा वाचला. बोटींची वाट दुसरीकडून निघाली.

इथवर बहुतेक मी ऐकलेले सांगितले. पुढचे मी पाहिले आहे.

भाऊ निवृत्त होऊन माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आला. नदीमुख इथून चाळीस किलोमीटरवर आहे. दोन्ही केंद्रे आता बंद आहेत, पलीकडे एक स्वयंचलित यंत्र बसवले आहे. त्याची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी संकेतस्थळावर येते. कुणीही पाहू शकतो.

भाऊ रोज दुपारी वर्तमानपत्र वाचायला वर येतो. तीन वाजले की तो बोलता बोलता थांबतो. डोके किंचित कलते करतो. मग हलकेच एक आकडा उच्चारतो आणि खिशातल्या वहीत लिहितो.

त्याची वही आणि संकेतस्थळ, दोन्ही मी सलग सत्तावीस दिवस ताडून पाहिली.

एका सेंटिमीटरचाही फरक नाही.

मी विचारले तेव्हा तो लाजल्यासारखा हसला. "मला एकट्यालाच सांगतो, दादा," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा अभिमान मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मागच्या मंगळवारी तो वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आरामखुर्चीत झोपला होता. घरात आम्ही दोघेच. तीन वाजले. मी घड्याळाला किल्ली देत होतो.

"एक मीटर सतरा," असे शब्द खोलीत उमटले.

आवाज माझा होता.

मी काही ऐकले नव्हते. मला कुणी काही सांगितले नव्हते. तोंड माझे होते, एवढेच.

वर्तमानपत्र खाली सरकले. भाऊ जागा होता. तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता, ती मी ओळखत होतो. संकेतस्थळावर तीनपुढे एकेचाळीस दिसले, तेव्हा ती पाहिली होती.

"तुला सांगितलं त्यानं?" त्याने विचारले.

तेव्हापासून तो वर येत नाही. भावजयही विचारते, "भाऊजी, तुमचं दोघांचं काय बिनसलं?"

दुसऱ्या दिवशी मी संकेतस्थळ पाहिले. एक मीटर सतरा.

काल दुपारी मी दार लावून, ओठ घट्ट मिटून बसलो. तीन वाजले. आकडा जिभेवर येऊन थांबला होता, तो मी गिळला.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. सावकाश वर आली. माझ्या दाराबाहेर थांबली. कुणीतरी दाराला कान लावून उभे होते, हे मला आतूनही कळत होते.

तो माझा भाऊ असावा, असे मी धरून चालतो.

पण दाराखालून आत आलेले पाणी मी सकाळी पुसले... आणि ते खारट होते.