गुलाबाईचं तोंड

सावद्यात भादव्याची पुनव आली की बाजारात गुलाबाया, म्हणजे पोरींनी महिनाभर पुजायच्या मातीच्या मूर्ती, मांडतात. लाल गालांच्या, टपोऱ्या डोळ्यांच्या, एका साच्यातून निघालेल्या सगळ्या सख्ख्या बहिणी. अठ्ठ्याऐंशी साली सुमनबाईनं पोरीसाठी त्यातलीच एक मोठी हेरून ठेवली होती. पण कोकिळा म्हणाली, "इकत नको, बाई. मी करसू."

सुमनबाईला आनंदच झाला. धुळ्याच्या संस्थेतून पोर दत्तक आणून दोन वर्षं होत आली होती, पण तिनं आपणहून काही मागितलं नव्हतं की नाकारलं नव्हतं. संस्थेत सगळ्या मोठ्या बायकांना बाई म्हणायची सवय, म्हणून घरातही सुमनबाई बाईच राहिली. "म्हनंल हळूहळू आई," असं तिचा नवरा गिरधर हसत म्हणायचा. त्याचं काय जात होतं? त्याला तर पोर पहिल्या महिन्यातच आबा म्हणायला लागली होती. आताही तो केळीच्या वॅगनींबरोबर महिनाभरासाठी दिल्लीला गेला, तेव्हा ती त्याला फाटकापर्यंत पोचवून आली.

कोकिळानं केळीच्या बागेतली काळी माती आणली, तडे जाऊ नयेत म्हणून तिच्यात कापूस घालून कुटली आणि चार दिवस ओसरीवर ठाण मांडलं. हे तिला कुणी शिकवलं, देव जाणे. पण पोर बदलली. दोन भाकरी खाऊ लागली, झोपेत दचकायची थांबली. गल्लीतल्या पोरी भोवती जमल्या आणि एरवी कोपरा धरून बसणारी ही त्यांना हात धरून नाक कसं काढायचं ते दाखवू लागली. सुमनबाई स्वयंपाकघरातून बघायची आणि तिचे डोळे भरून यायचे.

पाचव्या दिवशी मूर्ती पुरी झाली. मांडीवर मूल घेतलेली बाई. रुंद कपाळ, डावा डोळा जरासा तिरळा, वरचा एक दात ओठावर आलेला.

"कोनाचं तोंड काढलं व हे?"

"मनी माय शे ती," कोकिळा म्हणाली.

सुमनबाई सातवी शिकलेली, अंगारे-धुपारे न मानणारी. कागदपत्रं तिनं स्वतः वाचली होती. आठ दिवसांची असताना पोर संस्थेच्या पाळण्यात ठेवलेली सापडली होती. आठ दिवसांच्या जिवाला काय आठवणार? मनानं काहीतरी रचलंय पोरीनं, असं तिनं स्वतःला बजावलं. तरी तिचा जळफळाट थांबेना. ताप आला तर रात्ररात्र उशाशी बसायचं आपण, आणि जिनं पाळण्यात टाकलं तिला ओसरीवर बसवून हळदीकुंकू.

रोज संध्याकाळी पोरी जमत. गाणी संपली की घरच्या बाईनं झाकलेला डबा वाजवायचा आणि पोरींनी आतला खाऊ ओळखायचा, ही गुलाबाईची रीत. कोकिळा मूर्तीच्या तोंडाला कान लावायची आणि नाव सांगायची. दार लावून केलेल्या खोबऱ्याच्या वड्या तिनं ओळखल्या. शेजारच्या बेबाबाईकडून पदराआड आणलेली शेवही ओळखली. एकदा सुमनबाईनं मुद्दाम डब्यात चार खडे टाकून तो वाजवला.

कोकिळानं कान लावला. "खाऊ नही शे," ती हळूच म्हणाली. "बाई चिडेल शे."

दुसऱ्या दिवशी कोकिळा शाळेत गेल्यावर सुमनबाईनं मूर्तीसमोर बैठक मारली. पाण्यात हात बुडवून तो तिरळा डोळा, तो दात, ते कपाळ सगळं पुसलं. मग आरशात बघत बघत तिथं आपलं तोंड केलं. अरुंद कपाळ, सरळ नाक, हनुवटीवरचा तीळसुद्धा. जन्मात कधी मातीत हात न घातलेली ती, पण काम असं सरसर होत गेलं, की जणू माती वाटच बघत होती.

कोकिळा आली. तिनं मूर्तीकडे पाहिलं. रडली नाही.

"आते माय आनि बाई, दोन्ही घरमा शेतस," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं मूर्तीला कान लावला नाही. खाऊ ओळखताना ती सुमनबाईकडेच टक लावून बघे. जिंकलो आपण, असं सुमनबाईला वाटलं.

मग एका सकाळी कुंकू लावताना कपाळ मोठं वाटलं. आरसा जुना झालाय, ती म्हणाली. दोन दिवसांनी बोलताना ओठ दातात अडकू लागला. सुईत दोरा ओवताना सुई डोळ्यासमोरून सरकायची. आरशावर तिनं टॉवेल टाकला.

कोजागिरी आली. गुलाबाईला सासरी पाठवायचा, म्हणजे पाण्यात सोडायचा दिवस. दुपारी बेबाबाई आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"कोन पाहिजे व बाई? सुमन कुठी गेली?"

सुमनबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात कोकिळा शाळेतून आली. दप्तर टाकून धावली आणि तिच्या कमरेला मिठी मारली.

"माय."

दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो शब्द. मी सुमन आहे, असं म्हटलं असतं तर तो तिथल्या तिथे परत गेला असता. तिनं पोरीला पोटाशी धरलं.

कोकिळानं मूर्ती टोपलीत ठेवली. "बाईले वाटे लावनं शे," ती म्हणाली.

टोपली सुमनबाईनंच डोक्यावर घेतली.

नाल्याच्या डोहावर पोरी गात होत्या. तिनं मूर्ती पाण्यात सोडली. तीळ गेला, मग नाक गेलं. पाणी काळं झालं.

"नाव काय व तुमचं?" मागून बेबाबाईनं विचारलं.

ती आठवू लागली.

"मी सांगसू," कोकिळा म्हणाली, आणि तिनं एक नाव घेतलं.

ते नाव सुमनबाईनं कधीच ऐकलं नव्हतं. तरी तिनं ओ दिली.