वाळूच्या गाद्या

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ज्या काळजीने त्याने ते धरलं होतं, त्यावरून मला वाटलं, बाळच आहे. आमचं दुकान सोफ्याची कव्हरं शिवायचं. बाळाचं आमच्याकडे काय काम?

"गाद्या शिवून हव्यात," तो म्हणाला. "जरा... लहान आहेत."

"किती लहान?"

त्याने टॉवेल उलगडला, आणि मी हातातली कात्री खाली ठेवली.

बोट होती. जुन्या काळी हौशी लोक सुट्टीत नदीवर फिरवायचे ना, तसली लाकडी मोटरबोट, पण आमच्या कापायच्या टेबलावर मावेल एवढी. वार्निश असं की त्यात मला माझं नाक दिसलं. मी वाकून केबिनच्या खिडकीतून डोकावले. आत जेवायचं टेबल, टेबलावर कप, खुंटीला टोपीसुद्धा. वरच्या डेकवर नखाएवढं चाक होतं. बोटाने हळूच फिरवलं, तर मागचं सुकाणू वळलं. माझ्या अंगावर काटा आला.

"हे माणसाने केलंय?"

"मी केलंय," तो ओशाळून म्हणाला, जणू गुन्हाच कबूल करत होता.

चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. बोटीच्या खिडक्यांच्या काचाही त्यानेच घासून बसवल्या होत्या. तीन वर्षं खपत होता तो तिच्यावर. आतून बाबा म्हणाले, "एवढ्याशा कामाला आपल्याकडे मशीन नाही."

"हाताने शिवीन," मी म्हटलं.

बाबांनी बाहेर येऊन आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि परत आत गेले.

मग तो येतच राहिला. कधी माप द्यायला, कधी कापड बघायला. कापड बघायला तर फारच.

"हा निळा कसा वाटतो?" मी विचारलं.

"छान आहे."

"आणि हा हिरवा?"

"हाही छान आहे."

"चष्मे विकता ना? मग जरा नीट बघत जा."

"नीटच बघतोय," तो म्हणाला... कापडाकडे न बघता. मी उगाचच दोरा ओवायला घेतला, आणि तो काही केल्या सुईत जाईना.

गाद्यांनी मात्र मला रडकुंडीला आणलं. एवढ्याशा गादीत कापूस भरला की ती टम्म फुगायची, मुळी बसायचीच नाही. शेवटी मी बारीक वाळू भरली. मग कशी छान बसली! मधे बोट टेकवलं की तिथे खळगा राहायचा.

"बघा ना," मी त्याला म्हटलं, "कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतंय." मला इतका आनंद झाला होता की मी टाळ्याच पिटल्या.

त्याने एक गादी तळहातावर घेतली. क्षणभर थांबला. माझ्याकडे पाहिलं. "सुंदर आहेत," म्हणाला, आणि एकेक करून वरच्या डेकवरच्या बाकांवर मांडल्या.

बोट पूर्ण झाली. आता हा दुकानात कशाला येणार?

"रविवारी तळ्यात सोडतोय," जाताना तो म्हणाला. "याल?"

तळ्यावर त्याच्यासारखीच बोटवेडी मंडळी जमली होती. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तान म्हणजे निवृत्त हिशेबनीस, खऱ्या बोटीत उभ्या जन्मात बसले नव्हते.

त्याने बोट पाण्यात ठेवली, रिमोटचा खटका हळूच पुढे केला... आणि ती निघाली. काय सांगू! पाण्यात उतरल्यावर ती लहान राहिलीच नाही. नाक किंचित वर, मागे पांढरी रेघ, खिडक्यांत ऊन. तिच्यापुढे तळंच अफाट वाटायला लागलं, आणि काठावरचे आम्ही उगाच मोठे. मी श्वासही जपून घेत होते.

मग त्याने ती वळवली. ती कलली. आणखी कलली... आणि आडवी झाली.

"वर जड झालीय!" कप्तान ओरडले.

तो बुटांसकट पाण्यात शिरला. बोट काठावर आणली तेव्हा केबिनमध्ये थोडंच पाणी गेलं होतं. कप्तानांनी एक गादी उचलली. "यात शिसं भरलंय की काय?"

"वाळू," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला कळायला हवं होतं. तुमची तीन वर्षांची मेहनत..."

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "हातात घेतली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही टाळ्या वाजवत होतात." तो टॉवेलाने केबिन पुसत होता, मान वर न करता. "बोट काय, पुन्हा बनवता येते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. बोटीने मला थक्क केलं होतं, पण असा माणूस असू शकतो, याचं नवल त्याहून मोठं होतं. माझं त्याच्यावर प्रेम होतं. तिथेच, चिखलात उभी राहून, मला ते स्वच्छ कळलं.

कप्तानांनी सुचवलं म्हणून त्याने सगळ्या गाद्या बोटीच्या तळाशी रचल्या. या वेळी ती वळली ती ऐटीत. तळ्याला पुरती चक्कर मारून आली. तिची लाट आमच्या पायांशी येऊन विरली.

"वरचे बाक उघडे पडले," मी म्हटलं. धीर गोळा करून म्हटलं. "कापसाच्या शिवून देऊ? माप घ्यायला... उद्या या."

"नको."

माझा चेहरा पडला असणार. त्याने रिमोट खाली ठेवला.

"उद्या येईन. पण मापाला नाही."

"मग काय काम आहे?"

"काहीच काम नाही. तुम्हाला भेटायचंय... रोज."

"मग लवकर ये," मी म्हटलं.